मैदानावरची हजेरी

खाडीपलीकडच्या ज्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईचा आराखडा आखला, तेथे सेक्टरागणिक मैदानांची तजवीज कागदोपत्री झाली खरी. परंतु त्या मैदानात पाऊल कोणी टाकावे, हा प्रश्न आराखड्याने सुटत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या मुलाचा हात धरून एखादी माता कुंपणापाशी उभी राहते, आतला खेळ पाहते आणि दिवेलागणीपूर्वी परतते, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले असेल त्याला ते सहसा विसरता येणार नाही.

या शहरात संस्था नाहीत असे नव्हे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सिकंदराबादेस १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने क्रीडेतील सहभागाची तरतूदही केली आहे. उणीव आहे ती दर आठवड्यास ठरल्या वेळी येणाऱ्या माणसांची.

अशा खेळाची एक वाट अमेरिकेत आखली गेली. बौद्धिक अक्षमता असलेल्या रोझमेरी या आपल्या भगिनीची अवस्था जवळून पाहिलेल्या युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ साली मेरीलँडमधील स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. त्याच प्रेरणेतून २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या मैदानावर सुमारे एक हजार खेळाडू उतरले आणि स्पेशल ऑलिंपिक्स या चळवळीचा प्रारंभ झाला. २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळवली.

या व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्ण भाग, माझ्या मते, गटवारीचा आहे. वय आणि लिंग यांच्या जोडीला येथे सामर्थ्याचीही कसोटी लावतात. प्राथमिक फेरीत प्रत्येकाची वेळ वा अंतर नोंदून, ज्यांची कामगिरी परस्परांच्या निकट, साधारणतः १५ टक्क्यांच्या फरकात असेल, अशा ३ ते ८ जणांचा गट करतात. त्यामुळे ५० मीटर १२ सेकंदांत धावणारा आणि तेच अंतर अर्ध्या मिनिटात कापणारा यांची गाठ पडत नाही, आणि दोघांच्याही शर्यतीचा निकाल अखेरच्या पावलापर्यंत अनिश्चित राहतो. प्राथमिक फेरीत जाणूनबुजून मंद धावून सोपा गट पदरात पाडणाऱ्यास बाद करण्याची मुभाही नियमात आहे. हा नियम मला विशेष आदरणीय वाटतो. ज्याला बाद करता येते, त्यालाच खरोखर खेळाडू मानलेले असते.

ही गटवारी बिनचूक व्हावी म्हणून घड्याळ धरणारा, नोंदवही भरणारा आणि अंतिम रेषेपाशी उभे राहून नावाने हाक मारणारा स्वयंसेवक लागतो. त्याला वैद्यकीय पदवीची गरज नसते. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती आधी स्वतः करून दाखवावी, सरावाचा क्रम विनाकारण बदलू नये, एवढे शिस्तीने पाळले तरी पुष्कळ. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचे वरचे सांधे अस्थिर असतात, म्हणून वैद्यकीय दाखल्याविना त्यांच्याकडून कोलांटउड्या करवून घेऊ नयेत, ही खबरदारी मात्र अनिवार्य.

नवख्या स्वयंसेवकाची चूक होते ती बहुधा दयाबुद्धीमुळे. खेळाडू बुटाची नाडी बांधू लागला की याचे हात आपोआप पुढे होतात, आणि जी गाठ त्याने चार मिनिटांत स्वतः बांधली असती ती हा क्षणार्धात बांधून मोकळा होतो. अठ्ठावीस वर्षांच्या गृहस्थास ‘बाळ’ म्हणून पुकारणे हाही त्याच दयेचा दुसरा आविष्कार. ती चार मिनिटे निश्चल उभे राहणे, हेच या सेवेतील सर्वांत कठीण काम आहे.

अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच संघात खेळतात असेही खेळ या चळवळीत आहेत. बोची हा त्यांतला एक. लहानशा लक्ष्यचेंडूजवळ आपला चेंडू घरंगळत न्यायचा, इतकाच त्याचा मामला. नेरुळच्या एखाद्या महाविद्यालयीन तरुणाने रविवारची सकाळ त्यासाठी राखून ठेवावी; दोन चेंडू लक्ष्यापाशी जवळजवळ सारख्याच अंतरावर थांबले की दोन्ही संघ ओणवे होऊन पाहू लागतात, आवाज चढतात, आणि मग कोणीतरी मोजफीत आणायला धावतो.