लस घाईची, जबाबदारी कोणाची?



गेल्या हंगामात वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागली होती. शेकोटीपाशी गप्पा चालल्या होत्या आणि विषय निघाला लशीचा. एक वयस्कर सभासद म्हणाले, "२०२१ साली आम्ही मुकाट्यानं दंड पुढं केला. टोचून घेतलं ते बरंच झालं म्हणा. पण काही वाकडं झालं असतं तर दाद कुणाकडं मागायची? कंपनीकडं, सरकारकडं, का टोचणाऱ्या नर्सबाईकडं?" एक तरुण पोरगा म्हणाला, "आबा, दहा वर्षांचं काम एका वर्षात उरकलं, म्हणजे त्यात गोम असणारच!"

दोघांचंही बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. आणि हा प्रश्न आजचाही नाही. आपल्याच मुंबईत त्याची सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वी झाली.

तीन महिन्यांची लस

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावले. ओडेसा शहरात जन्मलेला हा ज्यू गृहस्थ हिंदुस्थानात आधीच कॉलऱ्याची लस टोचत फिरला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याने रात्रंदिवस काम केले आणि सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि दोघेही वाचले. कैदी राजीखुषीने पुढे आले असे सांगतात. पण गजाआडच्या माणसाची राजीखुषी ती केवढी, हाही विचार करावा.

तरी लोक सुईला भीत होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत घुसत होते. ज्या सरकारने देवघरापर्यंत बूट नेले, त्याच सरकारची सुई दंडात कोण टोचून घेणार? विश्वास नसला की चांगले औषधही विषासारखे वाटते.

मुल्कोवालची बाटली

पुढे पंजाबात प्लेग फैलावला. तिकडून लशीची प्रचंड मागणी आली. परळच्या प्रयोगशाळेने काम झटपट व्हावे म्हणून कृतीत एक बदल केला. निर्जंतुक करण्यासाठी कार्बोलिक आम्ल घालत, ते सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुल्कोवाल गाव, जे आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून दिली होती. त्या एकोणीसच्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच गेले. बाकी बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

आता बंधूंनो, उसाचा उतारा घटला की आपल्यात काय वाद होतो? कारखाना म्हणतो, ऊस शिळा होता, तोडून चार दिवस फडात पडला. शेतकरी म्हणतो, ऊस ताजाच होता, तुमच्या गव्हाणीपुढे वाळला. मुल्कोवालचा वाद तसाच होता. बाटली परळला नासली की गावात उघडताना?

सरकारच्या चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले. कृती का बदलली, घाई का केली, असा ठपका ठेवला. हाफकिनला कामावरून दूर केले. पण चौकशीच्या कागदपत्रांतच दुसरी गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याला सांगायला नको. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप टिकत नाही असे सांगितले. त्याच वर्षी तो दोषमुक्त झाला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले.

शास्त्रज्ञाला न्याय मिळायला पाच वर्षे लागली. त्या एकोणीस जणांची नावे मात्र आज कोणी घेत नाही. दोष कोणाचा यावर सगळी अक्कल खर्च झाली की घर कोणाचे बुडाले हे मागे पडते.

अमेरिकेचा धडा

१९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सैन्याच्या एका छावणीत डुकरांच्या फ्ल्यूसारखा ताप आढळला आणि एक जवान मरण पावला. मोठी साथ येणार या धास्तीने अध्यक्ष फोर्ड यांनी मार्चमध्ये सगळ्या देशाला लस टोचण्याची घोषणा केली. तेव्हा विमा कंपन्या म्हणाल्या, 'एवढ्या जोखमीचा विमा आम्ही उतरवणार नाही.' विमा नाही तर आम्ही लस देणार नाही, असे कारखानदार म्हणाले. अखेर ऑगस्टमध्ये कायदा करून सरकारने दाव्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

१ ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. काहींना हातापायांची ताकद जाणारा गुलियन-बारे नावाचा आजार झाला. साधारण लाखात एक अशी ही जादा भर होती. डिसेंबरात मोहीम थांबवली. आणि ज्या साथीसाठी एवढा खटाटोप केला ती आलीच नाही!

पण यातून एक रीत पडली. १९८६ साली अमेरिकेने मुलांच्या लशींसाठी स्वतंत्र निधीचा कायदा केला. प्रत्येक लशीमागे थोडा कर घ्यायचा आणि इजा झालेल्याला त्यातून भरपाई द्यायची. चूक कोणाची हे सिद्ध करत बसण्याची अट नाही.

आपल्याकडे काय?

त्या तरुण सभासदाला एवढेच सांगू की कोरोनाची लस लवकर झाली ती मुख्यतः कामे एकापाठोपाठ न करता बरोबरीने केल्यामुळे. चाचण्यांचे टप्पे एकमेकांत मिसळले आणि निकालाआधीच उत्पादन सुरू केले. मात्र तीस-चाळीस हजार लोकांच्या चाचणीत लाखात एकाला होणारा त्रास दिसत नाही. कोव्हिशील्डसारख्या लशीनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या २०२१ साली लाखो लोकांना टोचल्यावरच ध्यानात आल्या. म्हणून टोचल्यानंतरची नोंद ही टोचण्याइतकीच महत्त्वाची.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर तितके समाधानाचे नाही. चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. पण मोहिमेत लस घेतलेल्या सामान्य माणसाचे काय? लस ऐच्छिक होती, दाद दिवाणी कोर्टात मागावी, अशी भूमिका केंद्र सरकारने २०२२ साली सुप्रीम कोर्टात मांडली. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले होते की लशीची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवली पाहिजे.

दिवाणी दावा म्हणजे काय हे बांधाचे भांडण लढलेल्या सभासदाला विचारा. ज्याच्या घरातला कर्ता गेला त्याने बाटलीतल्या दोषाचा पुरावा कुठून आणायचा? सर्वांच्या भल्यासाठी सर्वांनी दंड पुढे करायचा, तर लाखात एकाचे नुकसानही सर्वांनी मिळून सोसायला नको का? यालाच तर आपण सहकार म्हणतो.

तेव्हा बंधूंनो, लशीला घाबरून घरी बसू नका. प्लेगच्या वेळी लशीनेच अनेकांना तारले. पण डोळे उघडे ठेवा. लशीचे नाव आणि बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर बसा. पुढे त्रास झाला तर आरोग्य केंद्रात नोंद करायला लावा आणि कागद जपून ठेवा. उसाच्या वजनाची पावती आपण जपतो ना, तशीच ही पावती. मुल्कोवालची खरी गोष्ट पाच वर्षांनी का होईना बाहेर आली, कारण कोणीतरी बाटलीचा नंबर लिहून ठेवला होता.