‘त्याने स्वतःच कबूल केले ना?’

खुनाच्या खटल्यात आरोपीची बुद्धी जन्मापासूनच तोकडी आहे असे वकिलाने म्हणताच, कचेरीच्या व्हरांड्यात आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या दिवाणखान्यातही एक वाक्य हमखास कानी येते : ‘अहो, त्याने स्वतःच कबूल केले, सारा प्रसंग सांगितला, मग तो कसला मतिमंद?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा संताप येतो. कारण ज्याची समज अपुरी, तोच न केलेल्या गुन्ह्याची कबुली सर्वांत सहज देऊन बसतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या अर्ल वॉशिंग्टन या मजुराची हकीकत पाहावी. बुद्ध्यंक 69. 1983 मध्ये दुसऱ्याच प्रकरणात अटक झाल्यावर पोलिसांनी ज्या ज्या गुन्ह्याविषयी विचारले त्या त्या गुन्ह्याला तो ‘होय’ म्हणत गेला. बहुतेक कबुल्या वस्तुस्थितीशी जुळेनात म्हणून सोडून द्याव्या लागल्या. कल्पेपर गावी 1982 साली झालेल्या बलात्काराची व खुनाची कबुली मात्र धरून ठेवण्यात आली. मृत स्त्री कृष्णवर्णीय होती असे त्याने प्रथम सांगितले. ती गोरी होती. दोन-तीन वार केले म्हणाला. जखमा 38 होत्या. अशा जबानीवर 1984 मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली, 1985 मध्ये अंमलबजावणीस अवघे नऊ दिवस उरले असता ती तहकूब झाली, आणि डीएनए चाचणीने खरे उघड झाल्यावर 2000 साली त्याला पूर्ण माफी मिळाली.

असे का घडते? आपल्याला कळत नाही हे लपविण्याची विद्या असा माणूस बालपणापासून, चेष्टा आणि मार चुकविण्यासाठी, शिकत आलेला असतो. त्याला ‘समजले का?’ असे विचारा, तो मान हलवील. ‘काय समजले ते सांग’ म्हणा, तो तुमच्या मुद्रेकडे पाहून उत्तर शोधू लागेल. गणवेशातील अधिकाऱ्यासमोर हीच सवय कबुलीजबाब होऊन कागदावर उतरते. 2002 मध्ये अ‍ॅटकिन्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी अशा व्यक्तींस मृत्युदंड निषिद्ध ठरविला, तेव्हा खोट्या कबुलीचा हा धोका निकालपत्रात नमूद केला. असा आरोपी आपल्या वकिलास पुरेसे साहाय्य करू शकत नाही, आणि त्याच्या निर्विकार चेहऱ्याचा अर्थ ‘पश्चात्ताप नाही’ असा लावला जातो, हेही तेथे सांगितले आहे.

बाकीच्या समजुती थोडक्यात आटोपतो. मतिमंदत्व हा वेडाचाच प्रकार आहे, हे खोटे : आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अवस्था स्पष्टपणे वगळतो. बुद्ध्यंक 70 च्या वर गेला की प्रश्न मिटला, हेही खोटे : अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने 71 गुणांवर एका कैद्याचा दावा फेटाळला होता, मापनात काही गुणांची चूक संभवतेच, हे मानून 2014 मध्ये ती ताठर रेषा रद्द झाली. आरोपी निर्दोष सुटतो, हे तर साफ खोटे. अमेरिकेत फाशी टळते, जन्मठेप टळत नाही. आणि सोंगाविषयी म्हणाल, तर ही अवस्था वाढीच्या वयातच प्रकट झालेली दाखवावी लागते. ते सोंग अटकेनंतर वठविता येत नाही.

भारतात पोलिसांपुढील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही, हे खरे. परंतु मॅजिस्ट्रेटपुढील कबुली ग्राह्य ठरू शकते, आणि मान हलविण्याची सवय मॅजिस्ट्रेटसमोर सुटत नाही. अशा व्यक्तींस फाशी देऊ नये असा स्पष्ट निर्बंध आपल्या कायद्यात अद्याप नाही. मृत्युदंडापूर्वी आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन मागवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या 2022 च्या निकालात सांगितले, हा एक आधार. म्हणून फौजदारी वकिली करणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : पहिलीत तीनदा नापास झाल्याचा शाळेचा दाखला, वर्ग घेतलेल्या गुरुजींची साक्ष, ‘याला अजून पैसे मोजता येत नाहीत’ असे सांगणाऱ्या आईची जबानी, हे सारे दयेच्या अर्जासाठी राखून ठेवू नका, खटला उभा राहील त्या दिवसापासून गोळा करा.