नक्कल आणि छायाप्रकाश

चित्रकलेच्या विद्यार्थ्यानें जुन्या आचार्यांच्या चित्रांची नक्कल करावी कीं नाहीं, हा वाद जुनाच आहे. नकलेनें हात गुलाम होतो, असें एक पक्ष म्हणतो. तें पुष्कळदां खरेंहि ठरतें. परंतु छायाप्रकाश शिकावयाचा तर नकलेस पर्याय नाहीं.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जो यानें १५९९-१६०० मध्यें रंगविलेलें, रोमच्या एका चर्चमधील, संत मॅथ्यूच्या पाचारणाचें तैलचित्र घ्या. करवसुली करणारी मंडळी पैसे मोजीत बसली आहे व ख्रिस्त हात पुढें करून मॅथ्यूस बोलावीत आहे. भिंतीला खिडकी आहे, पण तिच्यांतून उजेड येत नाहीं! तो येतो उजवीकडून, चौकटीबाहेरून, तिरपा. पाहणारा हें सहज विसरतो. नक्कल करणाऱ्यास मात्र प्रत्येक नाकाची सावली त्याच हिशेबानें टाकावी लागते.

शिकाऊ मनुष्य पांढऱ्या कॅनव्हासवर आधीं उजळ चेहरे काढतो व मग भोंवतीं काळा रंग फांसतो. चित्र तेथेंच मरतें. काराव्हाज्जोची रीत उलट होती. आधीं तपकिरी अस्तर, त्यावर उजेडाच्या जागा दाट रंगानें उठवावयाच्या, आणि सावलींत तें अस्तर ठिकठिकाणीं तसेंच राहूं द्यावयाचें. उजेड व काळोख यांमधली छटा किती अरुंद ठेवली आहे, हेंहि कुंचला हातीं घेतल्यावरच कळतें.

गोव्यांतील सांगें येथें १८७० सालीं जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकविणारे त्रिंदाद यांस 'पूर्वेकडील रेंब्रां' म्हणत, तें अशाच गडद छायेमुळें. सावंतवाडीच्या हळदणकरांनीं तर हातानें झांकलेल्या दिव्याचा प्रकाश जलरंगांत साधला. तेथें रीत पुन्हां उलटी: उजेड रंगवावयाचा नसतो, कोऱ्या कागदावर राखावयाचा असतो. तें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. पुष्कळ लोक त्यास तैलचित्रच समजतात.

भिवंडीच्या विद्यार्थ्याच्या हातीं छापील प्रतच येणार, आणि छपाईंत सावल्या बहुधा एकजात काळ्या होतात. तिच्यावर विसंबण्यापूर्वीं त्यानें रात्रीं घरांतल्या कोणास एकाच दिव्यापाशीं बसवावें व गालाच्या अंधाऱ्या बाजूस भिंतीवरून परतलेला मंद उजेड शोधावा. शिवाय मुंबई जवळ आहे. तेथील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत सर रतन व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील युरोपीय तैलचित्रें आहेत. त्यांपुढें समोरून नव्हे, बाजूनें उभें राहावें, म्हणजे रंगाचा थर कोठें जाड व कोठें पातळ हें चकाकीवरून दिसतें.