वॉटरगेट : चोरी कोणाच्या घरी झाली?

वॉटरगेट हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की कोणत्याही घोटाळ्याच्या नावाला ‘गेट’ हे शेपूट सहज जोडले जाते. पण वर्गात मूळ प्रकरण काय होते असे विचारले, की ‘निक्सनने काहीतरी चोरले’ एवढेच उत्तर मिळते. निक्सन स्वतः कुणाच्या घरात शिरला नव्हता. शिरलेल्यांना लपवताना तो सापडला. आणि चोर ज्याच्यामुळे पकडले गेले, त्या माणसाचे नाव तर एकही विद्यार्थी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

१७ जून १९७२ ची रात्र. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स हा २४ वर्षांचा काळा तरुण पहाऱ्यावर होता. पगार आठवड्याला ८० डॉलर. दाराचे कुलूप बसू नये म्हणून कुणीतरी लावलेली चिकटपट्टी त्याला दिसली. ती त्याने काढून टाकली. पुढच्या फेरीत तिथेच दुसरी पट्टी. त्याने वहीत १ वाजून ४७ मिनिटांची नोंद केली आणि पोलिसांना बोलावले. सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या कचेरीत पाच जण सापडले. त्यांच्याजवळ कॅमेरे होते आणि चोरून संभाषण ऐकण्याची यंत्रे होती. त्यांतला जेम्स मॅकॉर्ड हा निक्सनच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख होता.

खरा गुन्हा इथून पुढे वाढत गेला. सहाच दिवसांनी, २३ जूनला, निक्सन आणि त्याचा मुख्य सहायक हाल्डेमन यांनी ठरवले की सीआयएच्या तोंडून एफबीआयला सांगायचे, तपास थांबवा. पकडलेल्यांची तोंडे बंद ठेवायला पैसा पुरवला गेला. नोव्हेंबर १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आला. मतदारांनी कौल दिला म्हणजे पाप धुतले गेले, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत सगळ्याच देशांत असते.

पण न्यायाधीश सिरिका यांनी आरोपींच्या कबुलीवर समाधान मानले नाही. मॅकॉर्डने त्यांना पत्र लिहून दडपणाची वाच्यता केली. सिनेटच्या समितीपुढे जुलै १९७३ मध्ये बटरफील्ड या अधिकाऱ्याने सांगितले की राष्ट्राध्यक्षांच्या दालनातले प्रत्येक संभाषण फितीवर टिपले जाते. मग भांडण फितींवर आले. त्या मागणाऱ्या विशेष अभियोक्ता कॉक्स यांना काढण्याचा हुकूम निक्सनने २० ऑक्टोबर १९७३ ला दिला. तो पाळण्याऐवजी अ‍ॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या दुय्यमानेही तेच केले. तिसऱ्याने हुकूम बजावला. अखेर २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी निकाल दिला की फिती द्याव्याच लागतील. २३ जूनची फीत बाहेर आली आणि ९ ऑगस्टला निक्सनने पद सोडले.

घटनात्मक नीतिमत्ता ही उपजत नसते, ती रुजवावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितले होते. रिचर्डसन यांचा राजीनामा हे तिचेच उदाहरण म्हणून मी वर्गात सांगतो. कायद्याचे कलम त्या दिवशी स्वतःहून उभे राहिले नाही. एका माणसाने खुर्ची सोडली म्हणून ते उभे राहिले.

इथवरची कथा पाठ्यपुस्तकात बसते. आपला प्रश्न पुढे आहे. चोरून ऐकणे, हेर पेरणे, घरात घुसणे हे अमेरिकेत १९७२ साली सुरू झाले काय? मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन एफबीआय कित्येक वर्षे ऐकत होती. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पक्षाचा शिकागोतला नेता फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे आपल्या बिछान्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. वय २१. त्याच्या घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. त्यापायी कोणी राष्ट्राध्यक्ष पडला नाही, कोणी शिक्षा भोगली नाही. बलिष्ठ पक्षाच्या कचेरीत चोर शिरले तेव्हा ते लोकशाहीवरचे संकट ठरले. काळ्यांच्या घरात शिरले तेव्हा तो बंदोबस्त होता.

हाच तराजू संसदेतही दिसतो. कंबोडियावर गुप्तपणे बाँब टाकले आणि ते काँग्रेसपासून लपवले, हाही आरोप महाभियोगात घ्यावा असा प्रस्ताव काळे सदस्य जॉन कॉनियर्स यांनी मांडला होता. न्यायसमितीने तो २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला. फोन ऐकणे गुन्हा ठरले, गावे जाळणे ठरले नाही.

तरीही वॉटरगेट पोकळ होते असे मी म्हणणार नाही. त्याच समितीत टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन होत्या. घटना लिहिली गेली तेव्हा ‘आम्ही लोक’ या शब्दांत आपण नव्हतो, हे त्यांनी देशाला ऐकवले आणि त्याच घटनेच्या आधारे राष्ट्राध्यक्षाला जाब विचारला. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने एफबीआयची काळ्यांविरुद्धची कारस्थाने उघड केली, त्यालाही वॉटरगेटनेच वाट करून दिली. घटना दुसऱ्यांनी लिहिली म्हणून ती दुसऱ्यांच्याच स्वाधीन करायची नसते.

शेवटी हिशेब पाहू. निक्सनला नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ ला संपूर्ण माफी दिली. आणि फ्रँक विल्स? त्याला धड नोकरी टिकली नाही. बुटांचा एक जोड चोरल्याच्या आरोपावरून १९८३ मध्ये त्याला एक वर्षाची कैद सुनावली गेली. २००० साली, ५२ व्या वर्षी तो दारिद्र्यात वारला. आमच्या पूर्वजांनी येसकर म्हणून गावाच्या वेशी राखल्या, चोर आला की हाळी दिली आणि पहाट झाल्यावर पुन्हा वेशीबाहेरच उभे राहिले. घरात पहिली पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला विल्सची गोष्ट म्हणूनच परकी वाटत नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. १९७४ मध्ये मिळवलेले कायमचे नसते, हे त्यातून कळते. म्हणून कोणत्याही देशातल्या घोटाळ्याची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत : हेच कृत्य दुबळ्यांवर झाले असते तर त्याला घोटाळा म्हटले असते काय? आणि ज्याने हाळी दिली, त्याचे पुढे काय झाले?