ग्रहांना फिरविणारा कोण?

पृथ्वी स्वतःभोवती का फिरते, हा प्रश्न वर्गात निघाला की ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ एवढे सांगून बहुधा वेळ निभावून नेली जाते. हे उत्तर बरोबर नव्हे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीचे कण एकत्र बांधून ठेवते; तिला फिरते ठेवण्याचे काम त्याचे नाही. मग ते कोणाचे? आमच्या मते पहिला घोटाळा येथे भाषाच करते. ‘फिरणे’ म्हटले की मन लगेच ‘फिरविणे’ या प्रयोजक रूपाकडे धावते आणि प्रयोजक क्रियापद आले की कर्ता शोधणे ओघानेच येते. जाते फिरते, कारण कोणीतरी खुंटा धरून ते ओढीत असते. आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनी नक्षत्रचक्र फिरविण्यासाठी ‘प्रवह’ नावाचा वायू कल्पिला, तो याच समजुतीने.

इ. स. 499 मध्ये आर्यभटाने मात्र निराळी गोष्ट सांगितली. नावेतून पुढे जाणाऱ्यास काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसाव्यात, तसे स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वीच. पुढच्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त अशा मतावर आक्षेप घेतला. पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्यांकडे परतते ना, आणि ध्वज सदैव पश्चिमेकडेच फडफडते. वराहमिहिर आमच्या शेजारच्या अवंतीचा. उज्जयिनी मानपूरहून शंभरेक किलोमीटरांवर आहे. त्याच्या आक्षेपास हसणे सोपे आहे, परंतु मानपूरची जमीन ताशी सुमारे 1540 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत आहे हे ध्यानी घेतले, म्हणजे त्याची शंका किती रास्त होती ते कळते.

तिचे उत्तर इंदूरहून मानपूरकडे येणाऱ्या बसमध्ये कोणालाही मिळेल. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने बस चालली असता वर उडविलेले नाणे पुन्हा हातातच पडते, कारण बसचा वेग त्याच्या अंगी आधीच असतो. ससाण्याचे तसेच, ध्वजाभोवतीची हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. याला जडत्व म्हणतात. न्यूटनने 1687 मध्ये त्याला नियमाचे रूप दिले: गती चालू राहण्यास कारण लागत नाही, ती बदलण्यास लागते. आणि येथेच आमच्या मूळ प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळून जाते. भोवरा थांबतो, कारण जमीन आणि हवा त्याला अडवितात. पृथ्वीच्या आसाला घासणारी जमीन नाही, भोवती हवेचा अडथळा नाही. ती फिरते, कारण ती फिरत होती.

राहिला आरंभ. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांचा एक विशाल मेघ स्वतःच्याच भाराने आकसू लागला. कांटने 1755 मध्ये व लाप्लासने 1796 मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे आजचे रूप होय. त्या मेघातील कणांच्या गती नाना दिशांच्या होत्या. त्यांची वजाबाकी होऊन बरोबर शून्य उरावे, असा योग जवळजवळ अशक्यच. थोडी फिरकी शिल्लक राहिलीच. फुगडी घालणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या की त्यांचा वेग आपोआप वाढतो, तसा आकसणाऱ्या मेघाचाही वाढला. मेघाची चकती झाली, मध्यभागी सूर्य झाला आणि चकतीतील द्रव्य ग्रहांच्या गोळ्यांवर येऊन पडू लागले. ते नेमके मध्यावर न पडता कडेने पडे. अशा आघातांचा एकूण पीळ म्हणजे ग्रहाचे परिवलन. (हिंदी पुस्तकांतला ‘घूर्णन’ शब्द आमच्याकडील मराठी मुलांना अधिक परिचित. आम्हांस ‘परिवलन’च बरा वाटतो, त्यात नुसते वळणे आहे, वळविणारा नाही.)

मोठे आघात या हिशेबात गडबड करीत. युरेनस जवळजवळ आडवा पडून फिरतो, तो अशाच एखाद्या धडकेने कलंडला असावा असे मानतात. शुक्र उलट दिशेने फिरतो, आणि तेही इतके सावकाश की एका फेरीस त्याला 243 दिवस लागतात. प्रचंड गुरू मात्र दहा तासांच्या आत फेरी पुरी करतो.

पृथ्वीला फिरविणारा नसला, तरी अडविणारा आहे, तो चंद्र. तो समुद्राला भरती आणतो, आणि त्या भरतीच्या ओढीने पृथ्वीचा दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेली फिरकी चंद्राच्या कक्षेत जमा होते, म्हणून तो वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर सरकत आहे.