दोन दुष्काळ : लेखांक सातवा

संकट आले की विश्वास पक्का होतो, हे वाक्य रविवारच्या उपासनेत ऐकायला बरे वाटते. तेच वाक्य दवाखान्याच्या वॉर्डात, पोर गेलेल्या बाईच्या कॉटपाशी उभे राहून म्हणून पाहावे. जीभ अडखळते. अडखळली नाही, तर आपलेच काहीतरी बिघडले आहे असे समजावे. ईयोबाचे मित्र असलेच शहाणपण घेऊन आले होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर निघाला, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिले.

आता त्यापुढचा प्रश्न. पौल, याकोब आणि पेत्र या तिघांनीही संकट आणि धीर यांची गाठ घालून ठेवली आहे. तिघे निरनिराळ्या स्वभावाचे, पण या मुद्द्यावर त्यांचे एकमत. मग काही माणसे संकटातून तावून सुलाखून निघतात आणि काहींचा विश्वास तिथेच कायमचा विझतो, असे का होते? दोन माणसांची तुलना केली की स्वभाव, घर, पैसा, नशीब असे हजार फाटे फुटतात. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही घडले असेल तर तपासणे सोपे जाते. असे उदाहरण आपल्याकडेच आहे, पुण्यापासून फार लांब नसलेल्या केडगावचे. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सारेच घेतो. पण मंडळीत त्यांची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा बाप्तिस्म्यापासून सुरुवात होते आणि आधीचा दुष्काळ प्रस्तावनेसारखा दोन वाक्यांत उरकला जातो. माझ्या मते सगळी मेख त्या दोन वाक्यांत आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला आणि तरी हट्ट सोडला नाही, असा माणूस. १८५८ साली गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला आणि कळू लागल्यापासून त्यांनी पाहिली ती पायपीट. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळाच्या ओसरीवर पुराण सांगायचे, दक्षिणेवर गुजराण करायची. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात ही गुजराण बंद पडली. गाठीला होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. मजुरी करावी तर अंगाला सवय नाही, भीक मागावी तर जातीचा आणि विद्येचा अभिमान आडवा येतो. रानातला पाला खाऊन दिवस काढले. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मी मोलमजुरी करीन, असे मुलाने, श्रीनिवासाने, म्हटल्यावर ते थांबले, पण फार दिवस जगले नाहीत. त्यांच्यामागून काही महिन्यांत आई गेली, थोरली बहीण गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. भाकरी मागायला त्या एका बाईच्या दारात गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. कसाबसा तुकडा मिळाला, तर तो आईच्या घशाखाली उतरला नाही. खांदा द्यायला दोनच ब्राह्मण आले. तिसरा खांदा श्रीनिवासाचा, चौथा रमाबाईंचा. स्मशान तीन मैलांवर. त्या उंचीने लहान, खांदा पोचेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला.

नंतर ही भावंडे देशभर चालत राहिली. रमाबाईंच्या हिशेबाने ही पायपीट चार हजार मैलांची होती. उत्तरेत झेलमच्या काठी थंडी सोसेना तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत आडवे होऊन अंगावर वाळू ओढली आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून रात्र काढली. मूठभर धान्य पाण्यात भिजवायचे आणि मिठाबरोबर खायचे, हे जेवण.

संकटाने श्रद्धा वाढते हा नियम सरसकट खरा असता, तर इतके सोसलेल्या मुलीची श्रद्धा डोंगराएवढी व्हायला हवी होती. झाले उलटे. आईवडिलांनी निष्ठेने पाळलेला नेमधर्म याच वाटेवर तिच्या मनातून गळून पडला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, तेव्हा ज्या शास्त्रांसाठी हा मान मिळत होता त्यांवरचा तिचा विश्वास डळमळलेला होता.

इथे एक मोह आवरायला हवा. जुनी श्रद्धा खोटी होती म्हणून मोडली, खरी असती तर टिकली असती, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण महायुद्धांनंतर युरोपातल्या चर्चच्या बाकांवरून जी माणसे उठून गेली, ती पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती होती. उपासमार आणि मरण कोणाच्याही श्रद्धेला घरघर लावू शकते. संकटाच्या अंगी स्वतःचा असा काही गुण नाही, ते नुसते चिरडते.

मग पौल काय म्हणतो आहे? रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढा. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, शीलातून आशा ही मालिका तिथे येते. उपदेशक बहुधा तिसऱ्या वचनापासून सुरुवात करतात, कारण मालिका तिथे सुरू होते. पौल मात्र तिथून सुरुवात करत नाही. पहिल्या दोन वचनांत तो सांगतो की देवाशी आपला समेट झालेला आहे आणि कृपेत पाय रोवून उभे राहायला आपल्याला जागा मिळालेली आहे. एवढे सांगून झाल्यावर मग संकटाची गोष्ट. मालिका संपते तिथेही, पाचव्या वचनात, आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात ओतलेली देवाची प्रीती आहे. संकट या दोहोंच्या मध्ये येते. आधीची दोन वचने गाळून तिसरे वचन दुःखी माणसाच्या हातात ठेवणे म्हणजे त्याला आणखी एक ओझे देणे. पेत्राने अग्नीत पारखलेल्या सोन्याचा दाखला दिला आहे, तोही असाच वाचावा. विस्तव काही सोने तयार करत नाही. मुशीत सोने आधी असावे लागते.

रमाबाईंना ही उभे राहायची जागा मिळायला पुढची बरीच वर्षे लागली, आणि ती वर्षेही सुखाची नव्हती. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि १८८२ साली कॉलऱ्याने ते गेले. पदरी मनोरमा, वर्षाचीही नाही. १८८३ मध्ये त्या डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेल्या, तर कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो मार्ग बंद झाला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडमधल्या वाँटेजला आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढ लागली होती ती फुलहॅम इथे पाहिलेल्या कामाची. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी माणसासारखे वागवत होत्या, आणि असे का वागता म्हणून विचारल्यावर त्यांनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट दाखवली. सिद्धान्त मात्र रमाबाईंनी डोळे मिटून गिळले नाहीत. त्रैक्यावरून भगिनी जेराल्डीन आणि बिशप मंडळींशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त पुष्कळ उशिरा, असे त्यांनीच पुढे लिहिले. हा उशीर मला महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर धीर आपोआप येतो अशी समजूत असलेल्यांनी यावर थोडा विचार करावा.

आता दुसरा दुष्काळ. रमाबाईंनी मायदेशी परतून १८८९ साली मुंबईत सुरू केलेली मुलींची संस्था, शारदा सदन, तोवर पुण्यात आली होती. १८९३ साली मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यातून संस्था जेमतेम सावरते आहे तोच १८९६ उजाडले. मध्य प्रांतात पीक बुडाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे पाहिले, आणि धान्याच्या बदल्यात अनाथ पोरींना नासवणारी माणसेही पाहिली. मदतीला आलेल्या पुष्कळांना पहिली गोष्ट दिसत होती. दुसरी दिसायला वेगळी नजर लागते. जेवण मागताना वाचा कशी बसते, हे या बाईला कोणी सांगावे लागत नव्हते.

त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे इतकी माणसे शहरात ठेवायला बंदी आली. केडगावला आधीच घेतलेली जमीन होती. तिथे तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्ती सुमारे १,९०० वर गेली. या आकड्याचा अर्थ रोजच्या भाकरींत मोजून पाहावा, म्हणजे हे काम केवळ भावनेच्या उमाळ्यावर चालत नव्हते हे ध्यानात येईल.

केडगावला मुलींना काय शिकवले जाई, तेही बघा. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यात खिळे जुळवणे. अंध मुलींना ब्रेल. डोंगरे कुटुंब पहिल्या दुष्काळात उपाशी मेले, त्याचे एक कारण हेच की संस्कृत येणाऱ्या हातांना दुसरे काही करता येत नव्हते आणि करायची लाजही वाटत होती. रमाबाईंनी असे कुठे मांडले आहे का, यापेक्षा त्यांनी काय उभारले तिकडे मी बघतो. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या मुलीने उभारलेल्या संस्थेत हाताच्या कामाला कमीपणा नव्हता. पहिल्या दुष्काळाने तिचे जे मोडले होते, तेच दुसऱ्या दुष्काळात उपयोगाला आले.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल नेमके हेच सांगतो. आशिया प्रांतात आपल्यावर एवढा भार पडला की जगण्याचीही आशा सोडली होती, हे तो उघड कबूल करतो. आम्ही ख्रिस्ती माणसे असे कबूल करायला फार कचरतो; पौल कचरला नाही. त्याच्या आधीच तो म्हणून गेला आहे की देव आपले सांत्वन करतो ते आपण इतरांचे करावे म्हणून. मिळालेला दिलासा गाठीला बांधून ठेवायचा नसतो. रोमकरांसच्या पाचव्या अध्यायातला धीर असाच, दुसऱ्याच्या दुःखाला हात लावल्याने अंगी मुरतो, असे मला वाटते. एकटे बसून सोसत राहिले की तो नुसता सोशिकपणा होतो, आणि आपल्या बायकांकडून आपण आधीच त्याची भरपूर वसुली केली आहे.

रमाबाई सोशिक नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. १८९७ साली पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभारावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर टीका केली आणि सरकारची नाराजी पत्करली. धीर धरणे आणि तोंड मिटणे यांची सोयरीक त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्यावरही टीका झाली. भुकेल्या पोरींना अन्न देऊन ख्रिस्ती केले जाते हा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आजही घेतला जातो. तो उडवून लावू नये. उपाशी पोरीला निवड कितपत असते, हा प्रश्न खरा आहे. पण त्या छावण्यांतून पोरींना बाहेर काढायला दुसरे किती जण आले, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

शेवटची वर्षे पुन्हा जड गेली. कामाचा वारसा जिच्याकडे द्यायचा ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. तेव्हा रमाबाई साठी ओलांडलेल्या आणि जवळजवळ बहिऱ्या. हातात एक काम होते: हिब्रू आणि ग्रीक मुळातून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत, मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी जुळवलेले. एकुलती एक लेक गेल्यावर ही प्रुफे बाजूला पडली असती तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी ती तपासणे चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल छापून बाहेर आले.

दुष्काळ, कॉलरा, प्लेग ही संकटे कोणी विचारून येत नाहीत. पण संकट घरातल्याच माणसाच्या विश्वासामुळे आले तर काय करायचे? १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे पुढच्या लेखांकात.