फळझाडांच्या पानांचा अर्क व त्याची खरी किंमत

फळझाडाची किंमत फळावरून करावयाची, हा आपला पूर्वापार शिरस्ता आहे. आम्ही महसुलाच्या चाकरीत असता पीकपाहणीच्या कागदांत आंब्याची, चिंचेची झाडे किती ते मांडीत असू. पानांचा हिशेब कोणी विचारीत नसे, आणि त्याकरिता रकानाही नव्हता. अलीकडे मात्र पानांसच गिऱ्हाईक आले आहे. पेरूच्या व सीताफळाच्या पाल्याची भुकटी पुड्यांतून विकली जाते आणि पुडीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळक छापलेला असतो. पाला विकावा काय, आणि घरी त्याचा काढा करून प्यावा काय, असे वसमत व कळमनुरीकडील बागाईतदार आम्हांस वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी हा मजकूर लिहीत आहोत.

प्रथम त्या शब्दाचा अर्थ. करडईचे तेल फार दिवस उघडे राहिले म्हणजे खवट होते. चिरलेले वांगे पाण्यात न टाकता तसेच ठेवले तर काळे पडते. ही करणी हवेतील प्राणवायूची होय. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती निर्माण होत असता असेच काही अस्थिर व चळवळे कण उत्पन्न होतात आणि ते पेशींस अपाय करू शकतात. जे पदार्थ स्वतः खर्ची पडून अशा कणांस शांत करितात, त्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. झाडाच्या पानास ऊन लागले म्हणून उठून सावलीत जाता येत नाही, किडीपासून पळता येत नाही. म्हणून ते आपले संरक्षण आपणच तयार करते. आंब्याच्या पानात मॅंगिफेरिन, पेरूच्या पानात क्वेर्सेटिन, जांभळाच्या पानात गॅलिक आम्ल व टॅनिन असते. पेरूचे पान चघळले असता तोंडास जो तुरटपणा येतो, तो याच वर्गातील द्रव्यांचा.

आपल्या कापसाच्या धाग्याची परीक्षा करणारी मुंबईतील माटुंग्याची प्रयोगशाळा पुष्कळांस ऐकून माहीत असेल. ती १९२४ साली स्थापन झाली. त्या संस्थेतील संशोधकांनी इतर ठिकाणच्या विद्वानांच्या साहाय्याने २०२१ साली आंबा, पेरू व सीताफळ या तिहींच्या पानांवर जगभर झालेल्या प्रयोगांचे निरनिराळे आढावे प्रसिद्ध केले. पानांच्या अर्कांत हा गुण आहे, याविषयी त्यांवरून शंका राहात नाही. पण तो मोजतात कसा, हे कळल्यावाचून त्याची किंमत कळावयाची नाही. डीपीपीएच नावाच्या द्रव्याचा गर्द जांभळा द्राव करितात व त्यात अर्क मिसळतात. जांभळा रंग जसजसा उडून पिवळा होतो, तसतसा अर्क प्रभावी समजतात. ही रीत १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडली. रीत सोपी व उपयुक्त आहे. परंतु पान कोवळे की जून, सावलीत वाळविले की उन्हात, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, इतक्यावरूनही आकडा बदलतो. प्रयोगशाळेत बहुधा अल्कोहोल वापरतात, आणि घरचा काढा तर पाण्यात होतो! तेव्हा पुडीवरील आकडा आपल्या पेल्यात उतरेल, असे धरून चालू नये.

दुसरी अडचण याहून मोठी. काचेच्या नळीत रंग उडाला, म्हणून मनुष्याचा रोग उडाला असे होत नाही. हळदीचेच पाहा. वसमतच्या हळदीतील कुर्कुमिन नळीत मोठे पराक्रमी ठरते. पण नुसते पोटात घेतले तर आतड्यांतून त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. फिनलंड देशात २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातील बीटा-कॅरोटीन हे द्रव्य गोळ्यांच्या रूपाने ज्यांना दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी शेकडा १८ जास्त आढळला. हा निकाल १९९४ सालचा. अमेरिकेच्या शेतकी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा शक्तीचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. त्याचा उपयोग जाहिरातींत होऊ लागल्यावर २०१२ साली ते त्याने मागे घेतले.

पेरूच्या पानांचा चहा जपानात २००० सालापासून सरकारमान्य आरोग्यपेय म्हणून विकला जातो, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याची मान्यता निराळ्या गुणाबद्दल आहे. जेवणाबरोबर घेतला असता तो पिठूळ अन्नाचे साखरेत रूपांतर होण्याचा वेग कमी करितो. जांभळा रंग उडविण्याशी त्याचा संबंध नाही. आणि औषधाची जागा तो घेत नाही. आमच्या परिचयातील एका बागाईतदाराने भुकटीवर भरवसा ठेवून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांतच पायाची जखम चिघळून त्यांस नांदेडास न्यावे लागले व दोन बोटे गमवावी लागली. गोळ्या चालू असता काढा घ्यावयाचाच असेल, तर तो डॉक्टरांच्या कानावर घालून घ्यावा. नाही तर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो.

सीताफळाविषयी आम्ही अधिकच कडक बोलू. त्याच्या बियांची पूड उवांवर लावतात व ती डोळ्यांत गेल्यास इजा होते, हे आपल्या घरांतून ठाऊक आहे. या कुळातील ॲसिटोजेनिन नावाची द्रव्ये पेशींच्या शक्तिनिर्मितीस अडथळा करितात. वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर याच कुळातील मामफळ व त्याच्या पानांचा काढा नित्य घेणाऱ्यांत कंपवातासारखा विकार अधिक दिसतो, असे १९९९ साली तेथील डॉक्टरांनी नमूद केले. तेव्हा सीताफळाच्या पानांचा काढा रोज पिण्याच्या भरीस कोणी पडू नये.

आता विक्रीचा प्रश्न. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. फळ पोसत असता पाला ओरबाडला तर फळ लहान राहील. छाटणीत पडलेला पालाच तेवढा द्यावा. फवारणीनंतर फळ किती दिवसांनी तोडावे हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण ती मुदत फळाची, पानाची नव्हे; म्हणून फवारलेला पाला खाण्यासाठी मुळीच देऊ नये. पाला धुवून सावलीत, वारा खेळेल असा पातळ पसरून वाळवावा. बुरशीचा डाग दिसल्यास टाकून द्यावा. स्वतः भुकटी करून विकावयाची झाल्यास २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी अगर परवाना लागतो. व्यापारी पाला नेण्याचे बोलून उलट यंत्रासाठी आपल्याकडूनच अनामत मागू लागला, तर त्यास भाव, वजन व उचलण्याची तारीख कागदावर लिहून मागावी. पुष्कळसे तेथेच परत फिरतात. मग तो पाला हळदीच्या गादीवाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरावा.